चंदेरी पडद्यामागची चरित्रे : 'हसरे दुःख' आणि 'सांगत्ये ऐका'

चित्रपट पाहून घरी आलेला माणूस नट-नटीविषयी चार गोष्टी बोलल्याशिवाय झोपत नाही. पडद्यावर पाहिलेल्या माणसाचे खरे आयुष्य कसे असेल, हे कुतूहल नांदेडच्या प्रेक्षकाला जितके, तितकेच लातूरच्या. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या कनातीबाहेर उभे राहणाऱ्या खेडुतालाही ते असते. हे कुतूहल बहुतेक वेळा गावगप्पांत विरून जाते, पण क्वचित त्यातून पुस्तकही जन्माला येते. अशी पुस्तके आपल्या ग्रंथालयात 'चरित्र-आत्मचरित्र' या कपाटात किंवा 'कादंबरी' या कपाटात ठेवलेली असतात. विद्यार्थी ती आवडीने नेतात. अभ्यासाच्या वर्गात मात्र त्यांचे नाव निघत नाही. 'सिनेमावाल्यांची पुस्तके' एवढे म्हणून त्यांची बोळवण केली जाते.

प्रस्तुत लेखात अशा दोन पुस्तकांचा विचार करावयाचा आहे. पहिले भा. द. खेर यांचे 'हसरे दुःख', म्हणजे हॉलिवूडचा विनोदसम्राट चार्ली चॅप्लिन याच्या जीवनावरील कादंबरी. दुसरे हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन, ज्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. एक जीवन लंडन आणि कॅलिफोर्नियातले, दुसरे मुंबई-पुण्यातले. एकात लेखक नायकापासून हजारो मैल दूर आहे, तर दुसऱ्यात नायिकेच्या समोर बसून लिहितो आहे. दोन्हींतून एकच प्रश्न उभा राहतो : दुसऱ्याचे आयुष्य लिहिण्याचा अधिकार लेखकाला कितपत असतो आणि त्या आयुष्यातले खरे त्याने कसे जपावे?

१. चरित्रात्मक कादंबरीची पार्श्वभूमी

मराठीत १९६० नंतर चरित्रात्मक कादंबरीला बहर आला. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली. त्यानंतर ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत यांच्या कादंबऱ्यांनी वाचकांवर मोहिनी घातली. या कादंबऱ्यांचे नायक इतिहासातले किंवा पुराणातले होते. लेखक आणि नायक यांच्यामध्ये शतकांचे अंतर होते. पेशवे काय बोलले, हे सांगणारा साक्षीदार हयात नसल्यामुळे संवाद कल्पनेने लिहिण्याला वाचकाची हरकत नव्हती.

या वाङ्मयप्रकाराच्या चर्चेत नांदेडचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. 'श्रीमान योगी'ला प्राचार्य नरहर कुरुंदकर यांची पत्ररूप प्रस्तावना आहे. कादंबरीकाराला इतिहासाची चौकट दाखवून देणारी ती प्रस्तावना कादंबरीइतकीच वाचली गेली. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, पण ज्याच्यावर लिहावयाचे त्याच्या काळाचा आणि कर्तृत्वाचा कसून अभ्यास झाल्यावाचून त्या स्वातंत्र्याला अर्थ नाही, असा बोध ती वाचताना होतो. हाच निकष राजाऐवजी विदूषकाला लावला, तर काय हाती लागते ते पाहू.

२. 'हसरे दुःख'

भा. द. खेर हे चरित्रात्मक कादंबरी लिहिणारे निष्ठावंत लेखक. लालबहादूर शास्त्रींवरील 'अमृतपुत्र', स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील 'यज्ञ' अशा कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. राष्ट्रपुरुषांवर लिहिणाऱ्या या लेखकाने चॅप्लिनकडे वळावे, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु शीर्षकाकडे नीट पाहिले म्हणजे या निवडीचे मर्म कळते. दुःखाला 'हसरे' हे विशेषण लावून लेखकाने चॅप्लिनच्या कलेचे सूत्र दोन शब्दांत सांगितले आहे.

चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. आई-वडील दोघेही लंडनच्या संगीत-रंगभूमीवरील गायक. वडील दारूच्या आहारी गेले आणि १९०१ मध्ये वारले. आई हॅना ही रंगभूमीवर 'लिली हार्ले' या नावाने गात असे. तिचा आवाज गेला, काम गेले, पुढे मनाचा तोलही गेला. चार्ली आणि त्याचा थोरला भाऊ सिडनी यांना अनाथ-निराधारांसाठी असलेल्या 'वर्कहाऊस'मध्ये दिवस काढावे लागले. पुढे चार्ली फ्रेड कार्नोच्या नाटक कंपनीतून अमेरिकेत गेला, १९१४ मध्ये 'कीस्टोन' कंपनीच्या मूकपटांतून पडद्यावर आला आणि काही वर्षांतच जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा बनला.

या चरित्रातला सर्वांत हृद्य प्रसंग आल्डरशॉट येथील नाट्यगृहातला आहे. 'हसरे दुःख'च्या वाचकाच्या मनात तोच घर करून राहतो. प्रेक्षागृहात बहुतेक सैनिक. गाता गाता लिलीचा आवाज फाटला. सैनिकांनी हुर्यो उडविली आणि ती आत निघून आली. व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीला रंगमंचावर उभे केले. मुलाने त्या काळी लोकांच्या तोंडी असलेले एक गाणे म्हटले. नाण्यांचा पाऊस पडू लागताच तो थांबला आणि आधी पैसे गोळा करतो, मग गातो, असे त्याने भाबडेपणाने जाहीर केले. प्रेक्षक हसले. व्यवस्थापक रुमाल घेऊन पैसे वेचू लागला, तेव्हा हा माणूस पैसे स्वतःच ठेवणार की काय, या भीतीने मुलगा त्याच्या मागे धावला. प्रेक्षक आणखी हसले. पुढे आईच्या नकला करताना त्याने निरागसपणे तिच्या फाटलेल्या आवाजाचीही नक्कल केली. त्यावर सर्वांत मोठा हशा झाला.

या प्रसंगात चॅप्लिनचा सारा पुढचा विनोद बीजरूपाने आहे. भुकेल्या माणसाची पैशाविषयीची काळजी विनोदी ठरते. आईच्या आयुष्यातली शोकांतिका मुलाच्या तोंडी हास्याचा विषय होते. 'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये भुकेलेला नायक बूट शिजवून चवीने खातो, तेव्हा आपण हसतो आणि लगेच वरमतो. त्या वरमण्याचे मूळ आल्डरशॉटच्या रंगमंचावर आहे. कादंबरीकाराला असा प्रसंग म्हणजे घबाडच.

इथेच अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. हा प्रसंग आपल्याला कोणी सांगितला? स्वतः चॅप्लिनने, १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची आठवण पंचाहत्तरीच्या वृद्धाने लिहिली, आणि तो वृद्ध आयुष्यभर गोष्ट रंगवून सांगण्याच्या कलेत मुरलेला होता. प्रसंग खोटा आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. पण तो एका थोर पटकथाकाराच्या हातून आलेला आहे, एवढे भान हवे. डेव्हिड रॉबिन्सन या चरित्रकाराने १९८५ च्या आपल्या ग्रंथात जुनी दप्तरे आणि चॅप्लिनची कागदपत्रे तपासून त्याच्या आठवणी पडताळून पाहिल्या. चरित्रकार असे पडताळू शकतो, पण कादंबरीकार ती आठवण जिवंत करतो. दोन्ही कामे मोलाची आहेत, मात्र ती एकच नव्हेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चॅप्लिनच्या आत्मचरित्रात काय आहे यापेक्षा काय नाही, हे पाहिले पाहिजे. त्याची चार लग्ने झाली. १९२४ मध्ये त्याने लिटा ग्रे हिच्याशी लग्न केले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तो पस्तीस वर्षांचा. त्यांचा घटस्फोट साऱ्या अमेरिकेत गाजला. आत्मचरित्रात मात्र चॅप्लिनने दोन मुलांचे निमित्त सांगून हे प्रकरण काही ओळींत मिटविले आहे. लिटा ग्रेने १९६६ मध्ये आपली बाजू मांडणारे पुस्तक लिहिले, ते त्यामुळेच. नायकाच्या दुःखाशी समरस होणाऱ्या कादंबरीकारापुढे इथे खरी कसोटी असते. ज्याच्यावर आपण प्रेम करतो, त्याच्यामुळे दुसऱ्याला झालेले दुःख आपण तितक्याच सहानुभूतीने लिहू शकतो का? चरित्रात्मक कादंबरी मुळातच नायकाच्या बाजूने उभी असते. राष्ट्रपुरुषांच्या कादंबऱ्यांत ही गोष्ट झाकून जाते, कारण तिथे घर मागे आणि कार्य पुढे असते. नटाच्या आयुष्यात घर आणि कार्य वेगळे करता येत नाही.

तरीही 'हसरे दुःख' या पुस्तकाचे मोल कमी होत नाही. इंग्रजीची धास्ती असणाऱ्या हजारो मराठी वाचकांना त्याने चॅप्लिन हा केवळ टोपी-काठीवाला विदूषक नसून गरिबीत होरपळलेला माणूस आहे, हे समजावून दिले. १९३१ साली लंडनमध्ये महात्मा गांधींना भेटून यंत्रयुगाविषयी त्यांच्याशी चर्चा करणारा आणि पाच वर्षांनी 'मॉडर्न टाइम्स' काढणारा चॅप्लिन आपल्याला परका राहत नाही. १९५२ मध्ये अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला आणि १९७२ मध्ये त्याच अमेरिकेने त्याला सन्मानाचे ऑस्कर दिले. या घटनाक्रमात तर कोणत्याही पौराणिक वनवासकथेइतके नाट्य आहे.

३. 'सांगत्ये ऐका'

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. 'विजयाची लग्ने' (१९३६) या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. घर चालविण्यासाठी मुलीने सिनेमात जावे, असा तो व्यवहार होता. पुढे 'बॉम्बे टॉकीज', 'प्रभात', 'राजकमल' अशा नामांकित संस्थांचे चित्रपट त्यांना मिळाले. 'संत सखू' (१९४१), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) ही त्यांच्या कारकिर्दीतली ठळक नावे. हा शेवटचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. त्याचेच नाव त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिले. ते प्रथम 'माणूस' साप्ताहिकातून क्रमशः आले आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढले. त्यानंतर अल्पावधीतच हंसाबाईंचे निधन झाले.

या पुस्तकाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यातला आडपडदा नसलेला सूर. लहान वयात झालेले लग्न, बायकोच्या कमाईवर चालणारा संसार, नवऱ्याचा संशय, दारू, घर सोडून जाणे आणि पुन्हा परतणे, हे सारे त्या सांगतात. स्वतःच्या चुकाही त्या लपवीत नाहीत. पण त्यांची कबुली दयेची याचना करीत नाही. त्यांची एक इच्छा पुस्तकात पुन्हा पुन्हा येते : सिनेमा सोडून घर सांभाळावे. जिला लोक 'घर मोडणारी नटी' म्हणत, तिला घरच हवे होते. ते तिला मिळाले नाही, कारण घराला तिच्यापेक्षा तिच्या पगाराची गरज होती.

येथे 'संत सखू'ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सखूला पंढरीला जावयाचे असते. सासरची माणसे तिला बांधून ठेवतात. तेव्हा विठ्ठल स्वतः सखूचे रूप घेऊन घरकाम करतो आणि सखूला वारी घडते. सखूची ही भूमिका करणाऱ्या हंसाबाईंच्या आयुष्यात सगळे नेमके उलट होते. त्यांना घरात राहावयाचे होते, पण त्यांच्या जागी स्टुडिओत जाऊन उभा राहणारा विठ्ठल कोणी भेटला नाही. हा विरोध कोणा कादंबरीकाराने रचलेला नाही, तो आयुष्यानेच रचलेला आहे.

या पुस्तकातील एक भाग आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. घर सोडलेल्या अवस्थेत हंसाबाई एका पुरुषाबरोबर मराठवाड्यातील एका खेड्यात आल्या आणि सवतीच्या संसारात राहिल्या. मुंबईच्या स्टुडिओत प्रखर दिव्यांखाली उभी राहणारी ही बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यासाठी परवानगी मागू लागली. ज्या संसाराची आस होती, तो मिळाला तेव्हा तो तुरुंग निघाला. हा भाग वाचताना आपण, मराठवाड्यातले वाचक, थोडे अस्वस्थ होतो, आणि ते योग्यच आहे. माडी, ढाळज, बळद असलेले मोठे वाडे आपल्या परिसरात आजही उभे आहेत. त्या वाड्यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्यांच्या माजघरातून बाहेर पाहणाऱ्या बायकांचे आत्मचरित्र मात्र कोणी लिहिले नाही. हंसाबाईंचे नाव होते, म्हणून त्यांची गोष्ट छापली गेली. त्याच घरातल्या दुसऱ्या बाईची गोष्ट आपल्याला हंसाबाईंच्या तोंडून जेवढी कळते तेवढीच.

आता शब्दांकनाचा प्रश्न. हंसाबाईंनी सांगितले आणि अरुण साधूंनी लिहिले. साधू पुढे 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांमुळे प्रसिद्ध झाले. म्हणजे लेखणी होती ती पत्रकाराची आणि होऊ घातलेल्या कादंबरीकाराची. मग हे आत्मचरित्र कोणाचे? काही जण म्हणतील, शब्द साधूंचे म्हणून पुस्तक साधूंचे. मला हे पटत नाही. या पुस्तकातील वाक्ये बोलल्यासारखी आहेत. आठवणी कालक्रम सोडून मागेपुढे होतात. कुठे राग अर्धवट राहतो, कुठे एखादी गोष्ट बोलता बोलता टाळली जाते. शब्दांकन करणाऱ्याने हे खाचखळगे बुजविले नाहीत. येथे साधूंची कारागिरी ऐकण्यात आहे. शीर्षकात 'सांगत्ये' आणि 'ऐका' अशी दोन क्रियापदे आहेत. पहिले हंसाबाईंचे, दुसऱ्याची जबाबदारी प्रथम साधूंनी आणि नंतर वाचकांनी घ्यावयाची आहे.

४. नाव बदलून सांगितलेले आयुष्य

नाव बदलून लिहिणे, हा तिसरा मार्ग. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झेराल्ड याने हॉलिवूडचा तरुण निर्माता आयर्व्हिंग थालबर्ग याच्यावरून 'द लास्ट टायकून'चा नायक घडविला, पण त्याला नाव दिले मन्रो स्टार. ही अपुरी राहिलेली कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. याच्या उलट, मेरिलिन मन्रोवर जॉइस कॅरोल ओट्स यांनी २००० साली 'ब्लाँड' ही कादंबरी लिहिली, ती खऱ्या नावाचा आधार घेऊन, पण ती कल्पित आहे असे स्पष्ट बजावून.

आपल्याकडे श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या हिंदी चित्रपटाने हा मार्ग पत्करला. आधार 'सांगत्ये ऐका'चा, पण नायिकेचे नाव उषा. ही भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. नाव बदलल्यामुळे दिग्दर्शकाला घटना निवडण्याचे, जोडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि एका नटीची कहाणी अनेक स्त्रियांची झाली. हा लाभ मोठा आहे. पण त्याला एक किंमत आहे. चित्रपटातील उषा अधिक बांधेसूद आहे. तिच्या प्रत्येक पावलाला अर्थ आहे. पुस्तकातील हंसाबाई तशा नाहीत. त्या कधी चिडतात, कधी विसरतात, कधी स्वतःलाच दोष देतात. 'भूमिका' पाहिलेल्या विद्यार्थ्याने 'सांगत्ये ऐका' वाचण्याचे कारण हेच.

५. तुलना

तीन मार्गांची तुलना करता काही गोष्टी हाती लागतात. चॅप्लिनच्या कथेला चढण आहे : दारिद्र्य, कष्ट, कीर्ती, वनवास आणि अखेरीस सन्मान. अशी कथा कादंबरीच्या साच्यात चपखल बसते. हंसाबाईंच्या कथेला अशी चढण नाही. कीर्ती आली तरी त्यांच्या हाती काही आले नाही. कलावंत पुरुषाने दुःख भोगले की त्याची तपश्चर्या होते. कलावंत स्त्रीने भोगले की 'तिची शोकांतिका' म्हणून आपण पुस्तक मिटतो. हा फरक दोन आयुष्यांपुरता नाही, तो आपल्या वाचण्यातही आहे.

मराठी नट्यांनी या वाचनाला वेळोवेळी उत्तर दिले आहे. शांता आपटे यांनी १९४० मध्येच 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून चित्रपटव्यवसायाविषयी मुलींना सावध केले. लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' १९८१ मध्ये आले आणि दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' १९८२ मध्ये. दुर्गाबाई सुखवस्तू घरातल्या, लीलाबाई पदवीधर. त्यांच्या हाती स्वतःची लेखणी होती. हंसाबाईंना ती उसनी घ्यावी लागली, तरी आवाज उसना नव्हता. ही पुस्तके एकत्र ठेवून वाचली तर १९३० ते १९६० या काळातील मराठी स्त्रीच्या कमाईचा, प्रतिष्ठेचा आणि घरातील स्थानाचा इतिहास त्यांत सापडतो. तो समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात इतक्या जिवंतपणे सापडणार नाही.

६. समारोप

चरित्रात्मक कादंबरी लिहिणाऱ्याला कल्पनेचे स्वातंत्र्य असावे, यात शंका नाही. परंतु नायक जितका जवळच्या काळातला, तितकी त्याच्याभोवतीच्या माणसांविषयीची जबाबदारी मोठी, असा निष्कर्ष या विवेचनावरून काढावासा वाटतो. 'हसरे दुःख' आपल्याला परक्या देशातल्या माणसावर प्रेम करावयास शिकविते. 'सांगत्ये ऐका' आपल्याच माणसांचे ऐकून घ्यावयास शिकविते, आणि हे दुसरे काम अधिक अवघड आहे.

शेवटी आपल्या महाविद्यालयांतील मित्र-मैत्रिणींना एक सूचना कराविशी वाटते. आपल्या जिल्ह्यांत तमाशाच्या फडांत आयुष्य काढलेल्या वृद्ध कलावतिणी आहेत. तंबूतल्या टुरिंग टॉकीजवर यंत्र चालविलेली माणसे आहेत. ती चॅप्लिन नाहीत, हंसा वाडकरही नाहीत. त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहील, याची शाश्वती नाही. पण वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसणे आपल्याला सहज शक्य आहे. बसल्यावर आपण कमी बोलावे, त्यांना बोलू द्यावे आणि ते सांगतील तसेच उतरून घ्यावे. मराठी विभागाने असा एखादा उपक्रम हाती घेतला, तर पुढच्या अंकात या लेखापेक्षा चांगले काही छापता येईल.